शेजाऱ्याच्या लग्नाला कौल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२९ जून २००८. रविवार होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया राज्यात मॉर्मन पंथाच्या प्रार्थनागृहांत त्या दिवशी नेहमीसारखी माणसं जमली. भजनं झाली, प्रार्थना झाली आणि मग एक पत्र वाचून दाखवण्यात आलं. पत्र आलं होतं युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे पंथाच्या मुख्यालयातून. पंथाचे अध्यक्ष टॉमस मॉन्सन आणि त्यांचे दोन सल्लागार यांच्या वतीने ते पाठवलेलं होतं. येत्या नोव्हेंबरात राज्यघटनेच्या एका दुरुस्तीवर लोकांचा कौल घेतला जाणार आहे. विवाह म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, असं त्या घटनेत लिहिलं जावं म्हणून सभासदांनी आपला पैसा आणि आपला वेळ द्यावा, असा त्याचा आशय होता.

पत्राची भाषा सभ्य होती. त्यात कोणाला शिवी नव्हती, शाप नव्हता. पण ज्यांचा मुलगा किंवा मुलगी हाच त्या पत्राचा विषय होता, असे आईबापही त्या बाकांवर बसलेले होते.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या लहानपणची एक जुम्याची नमाज आठवली. निवडणुकीचे दिवस होते. नमाज संपली, माणसं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात कोणीतरी पुढे येऊन एक चिठ्ठी वाचली. समाजाने अमक्याला मत द्यावं, असं तिच्यात होतं. कोणी काही बोललं नाही. घरी येताना मी अब्बांचं बोट धरून चालत होतो. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर आल्यावर ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नमाज अल्लाची, मत माझं. मग ही चिठ्ठी कोणाची?"

आज त्या चिठ्ठीविषयीच बोलायचं आहे. फक्त ती आपल्याकडची नाही, कॅलिफोर्नियातली आहे.

आधी प्रसंग समजून घेऊ. मे २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला की दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना विवाहाचा हक्क नाकारणं राज्याच्या घटनेत बसत नाही. जूनच्या मध्यापासून अशी लग्नं नोंदवली जाऊ लागली. पण त्या राज्यात पुरेशा सह्या जमवल्या की घटनादुरुस्तीचा प्रश्न थेट मतदारांपुढे नेता येतो. विरोधकांनी तसा तो नेला. त्या प्रश्नाचं नाव 'प्रपोझिशन ८'.

त्यानंतरचे चार महिने राज्य ढवळून निघालं. दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. कॅलिफोर्नियात मॉर्मन माणसं शंभरात जेमतेम दोन. पण दुरुस्तीच्या बाजूने जमलेल्या सुमारे चार कोटी डॉलरपैकी निम्म्यापर्यंतचा पैसा मॉर्मन देणगीदारांचा असावा, असं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मतदानानंतर लिहिलं. सुरुवातीच्या काळात दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकांत ८० ते ९० टक्के मॉर्मन होते, असा अंदाज खुद्द त्या मोहिमेच्या चालकांनीच सांगितला. ऑक्टोबरात पंथाच्या वरिष्ठ नेत्यांनी उपग्रहाद्वारे कॅलिफोर्नियातल्या सभासदांशी संवाद साधला आणि आणखी मनुष्यबळ मागितलं.

४ नोव्हेंबरला मतदान झालं. त्याच दिवशी अमेरिकेने बराक ओबामांना निवडून दिलं, कॅलिफोर्नियाने तर त्यांना भरभरून मतं दिली. आणि त्याच मतदारांनी ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी समलिंगी विवाहांचा दरवाजा बंद केला. जून ते नोव्हेंबर या अवधीत सुमारे १८ हजार जोडप्यांची लग्नं झाली होती. ती टिकणार की नाही, हे कळायला त्यांना पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत वाट पाहावी लागली. न्यायालयाने ती लग्नं राखली, पण दुरुस्तीही कायम ठेवली.

मित्रहो, पंथाची बाजूही नीट मांडली पाहिजे. विवाह हा त्यांच्या श्रद्धेत या जन्मापुरता करार नाही. मंदिरात लागलेलं लग्न मृत्यूनंतरही टिकतं, अशी त्यांची भावना आहे. १९९५ साली पंथाने कुटुंबाविषयी एक जाहीरनामा काढला, त्यातही स्त्रीपुरुष विवाह ईश्वरी योजनेचा भाग मानला आहे. उद्या आमच्या धर्मगुरूंना असली लग्नं लावायची सक्ती होईल, आमच्या मुलांना शाळेत वेगळं शिकवलं जाईल, ही भीतीही अनेकांच्या मनात खरी होती. आणि मॉर्मन एकटे नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचे कॅथलिक आर्चबिशप जॉर्ज निडरॉअर हे आधी सॉल्ट लेक सिटीत बिशप होते. त्यांनीच मॉर्मन नेत्यांशी संपर्क साधून या मोहिमेत सहभागाची विनंती केली होती. 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक संघटनेने दहा लाख डॉलरहून अधिक देणगी दिली. अमेरिकन कायद्यानुसार धर्मसंस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण अशा प्रश्नावर मर्यादेत राहून भूमिका घेता येते. म्हणजे मुळात बेकायदा असं काही झालं नाही. काही खर्चाची माहिती वेळेत दिली नाही म्हणून २०१० साली पंथाला सुमारे साडेपाच हजार डॉलर दंड झाला, एवढंच. आठ कोटींच्या लढाईत साडेपाच हजार म्हणजे चिल्लरच.

मग टीका कशासाठी?

पहिली गोष्ट, ती भीती निराधार होती. राज्याच्या न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट लिहिलं होतं की कोणत्याही धर्माला आपले नियम बदलावे लागणार नाहीत आणि कोणत्याही धर्मगुरूला आपल्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावावं लागणार नाही. म्हणजे प्रश्न मंदिरातल्या लग्नाचा नव्हताच. तो सरकारी कचेरीतल्या नोंदवहीचा होता. तिथे पंथाचं काय अडलं होतं?

दुसरी गोष्ट पंथाच्या रचनेची. मॉर्मन मंडळीत बिशप हा पगारी पुजारी नसतो. तो आठवडाभर आपला धंदा-नोकरी करणारा, तुमच्याच वस्तीतला माणूस असतो. मंदिरात जायचा परवाना तुम्हाला द्यायचा की नाही, हे मुलाखत घेऊन ठरवण्याची सुरुवातही त्याच्यापासून होते. असा माणूस दारात येऊन देणगीची आठवण करतो, तेव्हा ती साधी विनंती राहत नाही. काही ठिकाणी कुटुंबांना रकमाही सुचवल्या गेल्या, असं त्या वेळी वृत्तपत्रांत आलं. अनेक सभासदांनी मनापासून पैसा दिला. काहींनी नकार दिला आणि बाकावर एकटे पडले. काहींनी पंथच सोडला. या सगळ्या घडामोडीची सर्वात कडवी टीका बाहेरच्यांनी नाही, पंथातल्याच माणसांनी केली, हे विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट इतिहासाची, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे त्याचं पूर्ण नाव; हल्ली पंथाला तेच वापरलेलं आवडतं, मी इथे लोकांच्या ओळखीचं नाव वापरतो आहे. स्थापनेपासून त्यांच्यामागे दैव हात धुऊन लागलं. मिझुरी राज्याच्या गव्हर्नरने १८३८ साली लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांना हाकलून द्यावं नाहीतर नष्ट करावं. १८४४ साली इलिनॉय राज्यात जमावाने तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. त्यानंतर ब्रिगम यंगच्या मागे हजारो माणसं बैलगाड्या घेऊन पश्चिमेच्या वाळवंटाकडे निघाली आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली.

१८५२ साली त्यांनी उघडपणे सांगितलं की आमच्यात बहुपत्नीत्व आहे आणि ते आमच्या धर्माचा भाग आहे. सगळी अमेरिका त्यांच्यावर उलटली. कायद्यामागून कायदे झाले. १८७९ साली रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की श्रद्धा मोकळी आहे, पण आचरणाला कायदा लागू होतो. त्या निकालपत्रात आपणही आहोत बरं का! बहुपत्नीत्व ही आशियाई आणि आफ्रिकी लोकांची रीत, युरोपला ती कायम किळसवाणी वाटत आली, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. आणि धर्माच्या नावाखाली काय काय चालू द्यायचं, हे विचारताना सती जाणाऱ्या विधवेचं उदाहरण दिलं. म्हणजे मॉर्मन गोरे असले तरी त्यांना आपल्या रांगेत आणून बसवलं.

१८८२ आणि १८८७ साली आणखी कडक कायदे आले. हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. पंथाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन टेलर भूमिगत असतानाच वारले. पंथाची संस्था बरखास्त करून तिची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. युटातल्या स्त्रियांना १८७० पासून मताचा हक्क होता, तोही १८८७ च्या कायद्याने काढून घेतला. बायकांच्या भल्यासाठी म्हणून केलेल्या कायद्याने बायकांचंच मत गेलं!

शेजारच्या आयडाहोमध्ये तर कमाल झाली. तिथे मतदाराला शपथ घ्यावी लागे की मी बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या कोणत्याही संघटनेचा सभासद नाही. म्हणजे ज्याला एकच बायको आहे, किंवा एकही नाही, त्याचंही मत केवळ मॉर्मन असल्यामुळे गेलं. सॅम्युएल डेव्हिस नावाच्या मॉर्मनाने ती शपथ घेऊन मतदारयादीत नाव घातलं. त्याच्यावर खटला भरला गेला, दंड झाला. १८९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने कायम केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन फील्ड हे आधी कॅलिफोर्नियाचे सरन्यायाधीश होते. त्याच वर्षी पंथाध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीर केलं की यापुढे देशाच्या कायद्याने मनाई केलेली लग्नं करू नयेत. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

हा डेव्हिसचा खटला फिरत फिरत आपल्या मुंबईतही आला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधल्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला होता. तो घटनेत बसतो का, असा प्रश्न १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. श्रद्धेला संरक्षण आहे, पण प्रथा समाजहिताच्या आड येत असेल तर तिला वाट सोडावी लागेल, हे सांगताना छागलांनी डेव्हिसच्या खटल्याचा आवर्जून आधार घेतला. छागला जन्माने मुसलमान. त्यांचं ते तत्त्व मला पटतं. सवतीचं दुःख मी माझ्या नात्यागोत्यात पाहिलं आहे. बहुपत्नीत्वाचा मी कधीच कैवारी नव्हतो. तिथे एका बाईचं नुकसान होतं, ते कायद्याने थांबवावं, हे योग्यच आहे. पण दोन प्रौढ माणसं आपखुशीने एकमेकांशी संसार करू म्हणतात, तेव्हा सवत कोण? ज्याचं नुकसान झालं असा माणूस दाखवता येत नाही. म्हणून मी ही दोन लग्नं एकाच तराजूत तोलत नाही. आयडाहोची गोष्ट मी सांगतोय ती वेगळ्या कारणासाठी. चांगलं तत्त्व बहुमताच्या हातात गेलं की त्याचं काठीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. मुंबईत त्या तत्त्वाने एका बाईला आधार दिला. आयडाहोत त्याच तत्त्वाने निरपराध माणसाचं मत हिरावलं.

आता गोष्टीला खरं वळण येतं. १९९२ साली कोलोरॅडो राज्यातल्या मतदारांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली. समलिंगी माणसांना भेदभावापासून संरक्षण देणारा कोणताही कायदा राज्यात करता येऊ नये, अशी ती होती. १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. मॉर्मनांना तुम्ही जसं वागवलंत तसं यांना का वागवू नये, अशा रोखाने विरुद्ध मताचे न्यायमूर्ती डेव्हिसच्या खटल्याकडे बोट दाखवत होते. तेव्हा बहुमताच्या निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं की एखाद्या प्रथेचा पुरस्कार करतो म्हणून माणसाचं मत काढून घेता येतं, असा डेव्हिसचा जेवढा अर्थ होतो, तेवढा तो आता कायदा उरलेला नाही.

जरा थांबून विचार करा. मॉर्मनांच्या कपाळावर १८९० साली लागलेला तो डाग एकशे सहा वर्षांनी पुसला गेला, तो समलिंगी माणसांच्या खटल्यात. त्यांच्या बाजूचा निकाल लिहिताना न्यायालयाने यांचीही बाजू सावरली. आणि त्यानंतर बारा वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या प्रार्थनागृहांत ते पत्र वाचलं गेलं.

असं का होतं? ज्याला चटका बसलेला असतो तो दुसऱ्याला विस्तवाजवळ का ढकलतो? मी अल्पसंख्य समाजातला माणूस आहे, म्हणून मला वाटतं ते सांगतो. छळ माणसाला शहाणं करतोच असं नाही. पुष्कळदा तो माणसाला घाबरट करतो. एकदा तुमच्या लग्नावरून, तुमच्या जेवणावरून, तुमच्या कपड्यावरून तुम्हाला परकं ठरवलं गेलं की पुढच्या पिढ्या एकच ध्यास घेतात: आम्ही तुमच्यासारखेच आहोत, किंबहुना तुमच्याहूनही जास्त सोवळे आहोत. ज्यांच्या लग्नांना देश हसला होता, त्यांनी स्वतःला 'आदर्श कुटुंबा'चे राखणदार करून घेतलं. आणि राखणदाराला आपली निष्ठा दाखवायला कोणीतरी चोर लागतोच.

टीकाकारांचंही पाऊल काही वेळा घसरलं. एका जाहिरातीत मॉर्मन प्रचारक दोन बायकांच्या घरात घुसून त्यांचा विवाहाचा दाखला फाडताना दाखवले होते. लॉस एंजेलिसच्या मॉर्मन मंदिरासमोर निदर्शनं झाली, तो लोकांचा हक्कच होता. पण मंदिरांना पांढरी भुकटी भरलेली पाकिटं आली. ती निरुपद्रवी निघाली, तरी भीती खरी होती. एका नाट्यसंस्थेच्या मॉर्मन कलादिग्दर्शकाने हजार डॉलरची देणगी दिली होती, त्याला पद सोडावं लागलं. पंथाच्या धोरणाला धारेवर धरणं वेगळं आणि त्या पंथाचा माणूस दिसला की त्याला आरोपी करणं वेगळं. हा फरक आम्हा मुसलमानांना कोणी समजावून सांगायला नको.

पुढचा हिशोब थोडक्यात. २०१० साली संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने प्रपोझिशन ८ घटनाबाह्य ठरवलं. जून २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात लग्नं पुन्हा सुरू झाली. जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशात हा हक्क मान्य केला. पंथही जागचा हलला, पण सरळ रेषेत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत घर आणि नोकरी यांबाबत समलिंगी माणसांशी भेदभाव करू नये, या नियमाला त्याने पाठिंबा दिला. २०१५ साली युटा राज्यातल्या तशाच कायद्यालाही दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र समलिंगी विवाह करणाऱ्या सभासदांना धर्मत्यागी ठरवणारा आणि त्यांच्या घरातल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाकारणारा नियम काढला. पंथात कळवळून विरोध झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये अशा विवाहांना संघराज्याची मान्यता देणाऱ्या कायद्याला पंथाने, धार्मिक स्वातंत्र्याची हमी असल्यामुळे, अनुकूलता दाखवली. स्वतःची शिकवण त्याने बदललेली नाही. ती बदला, असं मी म्हणणार नाही. तो त्यांचा प्रश्न आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी साठ टक्क्यांहून अधिक मतांनी ते २००८ चं वाक्य घटनेतून पुसून टाकलं. सोळा वर्षं लागली. ज्यांचं कोणी या सोळा वर्षांत वारलं, त्यांना ती परत मिळत नाहीत.

दुसऱ्याच्या घरातलं कुसळ दाखवून थांबलो तर ते अप्रामाणिक ठरेल. २०२३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा प्रश्न आला. तेव्हा विरोध करायला जमियत उलेमा-ए-हिंद ही आमची जुनी, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेली संघटना न्यायालयात उभी राहिली. ऑक्टोबरात न्यायालयाने तो हक्क मान्य करायला नकार दिला आणि विषय संसदेकडे सोपवला. त्या याचिकांचा मुख्य भर होता १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर. त्या कायद्याच्या लग्नाला काझी लागत नाही, भटजी लागत नाही, पाद्री लागत नाही. निकाह कोणाचा लावायचा, हे उलेमांनी जरूर सांगावं. पण रजिस्ट्रारच्या टेबलासमोर कोणी उभं राहायचं, यात आमचं काय हरवणार होतं? उद्या बहुमत आमच्या निकाहविषयी कौल मागायला निघालं, तर आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार की हा आमच्या घरचा मामला आहे?

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी मॉर्मन हा शब्दही ऐकलेला नसावा. त्या शुक्रवारी चिठ्ठी वाचली गेल्यावर पुढच्या शुक्रवारी ते त्याच मशिदीत, त्याच सफेत उभे राहिले. नमाज त्यांनी सोडली नाही. मतदानाच्या दिवशी मात्र ते एकटे गेले, आणि कोणाला मत दिलं, ते अम्मीलाही सांगितलं नाही.